रसायनशास्त्रज्ञाची प्राप्ती

जालना जिल्ह्यातील परतूर तालुक्यात आष्टी हे गाव आहे. सभोवतालचा प्रदेश काळ्या, चिकण जमिनीचा. पीक बहुतांशी पावसाच्या भरवशावर येणारे. अशा गावातील एखादी मुलगी किंवा एखादा मुलगा पदवीसाठी रसायनशास्त्र हा विषय घेण्याचे ठरवितो, तेव्हा घरातील वडीलधाऱ्या मंडळींकडून एक प्रश्न हटकून विचारला जातो : ‘ह्यात प्राप्ती काय?’ हा प्रश्न क्षुद्र नव्हे. ज्या कुटुंबाचा वर्षाचा हिशेब मृगाच्या आणि हस्ताच्या पावसावर ठरतो, त्याने मुलांच्या शिक्षणावर खर्चिलेल्या प्रत्येक रुपयाचा जाब विचारणे स्वाभाविकच होय. दुर्दैवाची गोष्ट ही की, ह्या प्रश्नाचे पुरे उत्तर त्या विद्यार्थ्यास सहसा कोणी देत नाही. वेतनाचे आकडे सांगितले जातात, नोकरीची क्षेत्रे मोजून दाखविली जातात, आणि एवढ्यावरच विषय मिटतो.

वस्तुतः प्राप्ती दुहेरी असते. एक हाती येणारी व दुसरी अंगी मुरणारी. पहिलीचा अंदाज जाहिरातींवरून बांधता येतो. दुसरी मात्र त्या व्यवसायात आयुष्य घालविलेल्या माणसांच्या चरित्रांतून आणि त्या व्यवसायाच्या प्रत्यक्ष कामातूनच समजून घ्यावी लागते. प्रस्तुत लेखात ह्या दुसऱ्या प्राप्तीचा विचार करावयाचा आहे. पहिलीला तुच्छ लेखून नव्हे, तर केवळ पहिलीच्या आधारावर चाळीस वर्षांचा व्यवसाय पत्करणे कठीण जाते म्हणून.

मराठवाड्यात असा प्रश्न विचारण्याची वेळ येणे हीच तुलनेने अलीकडची गोष्ट आहे. सप्टेंबर १९४८ पर्यंत हा भाग निजामाच्या राज्यात होता. उच्च शिक्षणासाठी येथील विद्यार्थी हैदराबादची वाट धरीत, आणि १९१८ मध्ये स्थापन झालेल्या तेथील उस्मानिया विद्यापीठाचे शिक्षणमाध्यम उर्दू होते. १९५० मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबाद येथे महाविद्यालय काढले; तेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून प्रसिद्धीस आले. १९५८ मध्ये मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले व १९९४ मध्ये त्यास डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्यात आले. जालना हा स्वतंत्र जिल्हा १९८१ मध्ये झाला. आणि १९३३ साली मुंबई विद्यापीठाचा एक विभाग म्हणून जन्मलेल्या रसायन तंत्रज्ञान संस्थेने २०१८ मध्ये जालना येथे आपले मराठवाडा केंद्र सुरू केले. रसायनविद्येचे उच्च शिक्षण अशा रीतीने आष्टीच्या विद्यार्थ्यासाठी जिल्ह्याच्या ठिकाणापर्यंत चालून आले आहे. वाट जवळ आल्यामुळेच त्या वाटेने जाऊन काय लाभते हे सांगणे आता अगत्याचे झाले आहे.

हळदीच्या डागाचा खुलासा

रसायनशास्त्राचा पहिला धडा शाळेत मिळतो असे मानण्याची पद्धत आहे. परंतु तो बहुधा घरातच मिळालेला असतो. पांढऱ्या कपड्यावर हळदीचा डाग पडला आणि तो साबणाने धुवावयास घेतला की पिवळा डाग एकाएकी तांबडा होतो. त्यावर लिंबू पिळले तर तो पुन्हा पिवळा दिसू लागतो. हळदीवर चुन्यासारख्या पदार्थाची क्रिया करून पारंपरिक कुंकू तयार करीत, तेही ह्याच गुणाच्या आधारावर. हा पालट आष्टीतील घरोघरच्या स्त्रियांनी शेकडो वेळा पाहिलेला आहे. पाहणे आणि जाणणे ह्यांतील अंतर किती मोठे असू शकते, ह्याचे मात्र हेच उत्तम उदाहरण आहे.

हळदीतील रंगद्रव्य, म्हणजे कुर्कुमिन, फोगेल आणि पेल्त्ये ह्या दोन शास्त्रज्ञांनी १८१५ मध्ये वेगळे केले. त्याच्या रेणूची रचना मात्र १९१० मध्ये निश्चित झाली. ह्या दोन घटनांमध्ये पंचाण्णव वर्षे गेली. एवढ्या काळात अणूंच्या जोडणीची कल्पना मांडली गेली, ती तपासली गेली आणि एकेका रेणूस लागू करण्याचे तंत्र सिद्ध झाले. आज पदवीच्या वर्गातील विद्यार्थ्यास हे सांगता येते की, साबणातील अल्कलीमुळे कुर्कुमिनच्या रेणूतून हायड्रोजनचा धनभारित अंश निघून जातो, त्यामुळे इलेक्ट्रॉनांची मांडणी बदलते, शोषला जाणारा प्रकाश वेगळा ठरतो आणि डोळ्यास पिवळ्याऐवजी तांबडा रंग दिसतो. लिंबातील आम्ल तो अंश परत देते आणि मूळ रंग परत येतो.

ह्या खुलाशाचे मोल पैशात करता येणार नाही; तथापि ते मोल खरे आहे. ज्याला तो कळला त्याच्यापुरते घर बदलून जाते. चुलीवरची भाकरी तांबूस होणे, लोखंडी कढईत परतलेल्या भाजीस काळसर छटा येणे, उन्हाळ्यात काळ्या रानास हात घालण्याजोग्या भेगा पडणे, ह्या सर्व गोष्टी त्याच्याशी बोलू लागतात. काळ्या मातीतील स्मेक्टाइट जातीची खनिजे आपल्या थरांमध्ये पाणी घेऊन फुगतात व वाळताना आकसतात, हे ज्यास ठाऊक आहे, त्यास भेगाळलेले रान हे केवळ दुष्काळाचे चिन्ह दिसत नाही. त्या भेगांत मातीच्या रचनेचे कारणही दिसते. हा आनंद वयाबरोबर उणावत नाही, आणि कोणत्याही पदापासून तो अवलंबून नाही.

थोर संशोधकांनाही हा आनंद इतर कोणत्याही सन्मानापेक्षा जवळचा वाटलेला दिसतो. मेरी क्यूरी व त्यांचे पती पिएर क्यूरी ह्यांनी १८९८ मध्ये रेडियमचे अस्तित्व जाहीर केले; परंतु पिचब्लेंड खनिजाच्या कित्येक टन अवशेषांतून एक दशांश ग्रॅम रेडियम क्लोराइड मिळविण्यास १९०२ साल उजाडावे लागले. त्या दिवसांविषयी लिहिताना मेरी क्यूरी ह्यांनी श्रमांपेक्षा एका वेगळ्याच आठवणीस महत्त्व दिले आहे. पतिपत्नी रात्री पुन्हा त्या गळक्या छपराखाली जात व अंधारात मंद प्रकाशणाऱ्या नळ्या पाहत उभी राहत. नोबेल पारितोषिक पुढे मिळाले. समाधान मात्र त्या छपराखाली आधीच मिळून चुकले होते.

पदार्थाची साक्ष

दुसरी प्राप्ती हाताची आहे. रसायनशास्त्र पुस्तकातून समजते, पण पुस्तकातून येत नाही. ब्युरेटची तोटी किती वळविली असता एकच थेंब सुटतो, निक्षेप किती सावकाश खाली बसू दिला असता गाळण स्वच्छ येते, स्फटिक होऊ घातलेला द्राव हलवावयाचा की नाही, ही माहिती बोटांत राहते. सुतार, कुंभार वा गवंडी ह्यांच्याप्रमाणे रसायनशास्त्रज्ञही कारागीर आहे, आणि कारागिराला आपल्या हातच्या कामाविषयी जो आत्मविश्वास असतो तो त्यासही लाभतो.

ह्या कारागिरीचा एक विशेष असा की, काम साधले की नाही ह्याचा निवाडा कोणी माणूस देत नाही. तो पदार्थच देतो. द्रवणांक ठरल्या अंशावर आला, दोनदा केलेले अनुमापन एकाच आकड्यावर थांबले, तर काम बरोबर. प्रयोग करणारा कोणत्या गावचा, कोणत्या जातीचा, पुरुष की स्त्री, श्रीमंत की गरीब, ह्याची दखल परीक्षानळी घेत नाही. समाजात ज्यांच्या शब्दास सहजी वजन मिळत नाही, अशांच्या दृष्टीने ही प्राप्ती फार मोठी आहे. डॉ. कमला सोहोनी ह्यांचे चरित्र हे त्याचे महाराष्ट्रातील ठळक उदाहरण होय.

कमलाबाई ह्या पूर्वाश्रमीच्या भागवत. लेखिका दुर्गा भागवत ह्यांच्या भगिनी. त्यांचे वडील व चुलते दोघेही रसायनशास्त्राचे पदवीधर होते. १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाची पदवी उत्तम गुणांनी मिळवून त्यांनी बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रवेशासाठी अर्ज केला. संस्थेचे तत्कालीन संचालक सर चंद्रशेखर वेंकट रामन ह्यांनी त्या स्त्री असल्याच्या कारणावरून प्रवेश नाकारला. कमलाबाईंनी हा निर्णय मानला नाही. त्या प्रत्यक्ष भेटीस गेल्या व आपला आग्रह त्यांनी सोडला नाही. अखेरीस एक वर्ष परीक्षणावर ठेवण्याच्या अटीवर त्यांना प्रवेश मिळाला. ती अट अपमानास्पद होती, हे त्यांनी पुढेही बोलून दाखविले. परंतु श्री. श्रीनिवासय्या ह्यांच्या मार्गदर्शनाखाली दूध, डाळी व कडधान्ये ह्यांतील प्रथिनांवर त्यांनी केलेले काम वर्षअखेरीस संचालकांपुढे आले, तेव्हा त्यांस आपले मत बदलावे लागले. संस्थेची दारे त्यानंतर इतर विद्यार्थिनींसाठी खुली झाली. येथे वादविवादाने जे साधले नसते ते कामाने साधले. प्रथिने स्वच्छपणे वेगळी झाली होती आणि ती कोणाच्या हातून झाली ह्याने त्यांच्या शुद्धतेत फरक पडत नव्हता.

पुढे केंब्रिज येथे रॉबिन हिल ह्यांच्याबरोबर वनस्पतींवर काम करीत असता, बटाट्यापासून आरंभ करून त्यांनी वनस्पतींच्या पेशींतही श्वसनाशी संबंधित असे सायटोक्रोम सी हे द्रव्य असल्याचे दाखवून दिले. ह्या विषयावरचा त्यांचा प्रबंध अवघ्या चाळीस टंकलिखित पृष्ठांचा होता व सुमारे चौदा महिन्यांत तो पुरा झाला. १९३९ मध्ये त्यांना डॉक्टरेट मिळाली; केंब्रिजची विज्ञानातील डॉक्टरेट मिळविणाऱ्या पहिल्या भारतीय महिला म्हणून त्या ओळखल्या जातात. प्रबंधाच्या जाडीवरून विद्वत्ता मोजण्याची सवय जेथे आहे तेथे ही चाळीस पृष्ठे आवर्जून लक्षात ठेवावीत.

एकोणिसाव्या शतकातील मायकेल फॅरडे ह्यांची कथाही ह्याच जातीची आहे. पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी करणारा हा मुलगा बांधणीस आलेली पुस्तके वाचीत असे. जेन मार्सेट ह्या विदुषीने संवादरूपाने लिहिलेले रसायनशास्त्राचे पुस्तक त्याच्या हाती पडले. त्यातील विधाने त्याने आपल्याकडील तुटपुंज्या साधनांनी पडताळून पाहिली आणि ती खरी निघाली. १८१३ मध्ये तो हम्फ्री डेव्ही ह्यांच्या प्रयोगशाळेत साहाय्यक म्हणून लागला व १८२५ मध्ये त्याने बेंझिनचा शोध लावला. पुस्तकातील विधान स्वतः करून पाहण्याची मुभा हीच गरीब विद्यार्थ्याची खरी मिळकत ठरली.

परंपरेतील स्थान

तिसरी प्राप्ती माणसांची आहे. रसायनशास्त्रज्ञ एकटा काम करताना दिसला तरी तो एका मोठ्या घराण्यात सामील झालेला असतो. गाण्यात जशी गुरुपरंपरा सांगतात तशी ती येथेही सांगता येते. डॉ. कृष्णस्वामी वेंकटरामन ह्यांनी मँचेस्टर येथे रॉबर्ट रॉबिन्सन ह्यांच्या हाताखाली संशोधन केले. रॉबिन्सन ह्यांना १९४७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. वेंकटरामन १९३४ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या रसायन तंत्रज्ञान विभागात आले, १९३८ मध्ये त्याचे प्रमुख झाले आणि रंगद्रव्यांच्या अभ्यासाचे एक संपूर्ण संप्रदाय त्यांनी तेथे उभे केले. संश्लिष्ट रंगांच्या रसायनशास्त्रावरील त्यांचा बृहद्ग्रंथ १९५२ पासून प्रसिद्ध होऊ लागला व जगभर प्रमाण मानला गेला. १९५७ मध्ये ते पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे पहिले भारतीय संचालक झाले.

त्यांच्या मुंबईतील विद्यार्थ्यांत विदर्भातील कारंजा येथे जन्मलेले बाळ दत्तात्रेय टिळक हे एक होते. टिळक पुढे ऑक्सफर्ड येथे त्याच रॉबिन्सन ह्यांच्याकडे शिकले, आणि १९६६ मध्ये पुण्याच्या प्रयोगशाळेत आपल्या गुरूंच्याच जागी संचालक म्हणून आले. १९७८ पर्यंत त्यांनी ते पद सांभाळले व निवृत्तीनंतर ग्रामीण भागास उपयोगी पडेल अशा तंत्रज्ञानाच्या कार्यास स्वतःस वाहून घेतले. मँचेस्टर, मुंबई, ऑक्सफर्ड, पुणे आणि पुन्हा खेडे, असा हा प्रवास आहे. जालन्याच्या केंद्रात आज दाखल होणारा विद्यार्थी ज्या संस्थेचे नाव लावतो तिची घडण वेंकटरामन ह्यांच्या हातून झालेली आहे. त्याने आपल्या शिक्षकाकडून उचललेली एखादी सवय, मग ती नोंदवहीत खाडाखोड न करण्याची का असेना, तीन पिढ्यांपूर्वीच्या कोणाकडून आलेली असणे अगदी शक्य आहे.

घरी परतणारे ज्ञान

चौथी प्राप्ती उपयोगाची. ती अनेकदा उशिरा मिळते, पण मिळाली म्हणजे सर्वांत अधिक टिकते. सोहोनी ह्यांनी मुंबईच्या विज्ञान संस्थेत प्राध्यापक असताना जे विषय निवडले ते गरिबाच्या ताटातील होते. १९५४ च्या सुमारास त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतीय खाद्यपदार्थांतील, विशेषतः कडधान्यांतील, ट्रिप्सिन ह्या पाचक विकराच्या कार्यास अडविणाऱ्या घटकांचा अभ्यास केला. कच्च्या कडधान्यात हे घटक असतात व नीट शिजविल्याने त्यांचा प्रभाव बराच नाहीसा होतो. वाल भिजवून, मोड आणून, शिजवून खाण्याच्या जुन्या रीतीस अशा अभ्यासाने शास्त्रीय अर्थ प्राप्त झाला. राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद ह्यांच्या सूचनेवरून त्यांनी नीरेचा अभ्यास हाती घेतला. तिच्यातील जीवनसत्त्वे व लोह ह्यांचा उपयोग कुपोषित मुलांस आणि गर्भवती स्त्रियांस होऊ शकतो, असे त्यातून दिसून आले आणि त्या कार्याबद्दल त्यांस राष्ट्रपतींचे पारितोषिक मिळाले. केंब्रिजमध्ये बटाट्यावर कमावलेले कौशल्य आदिवासी पाड्यातील मुलांच्या पेल्यापर्यंत आले, असे म्हणावयास हरकत नाही.

असाच उपयोग आष्टीच्या परिसरातही होऊ शकतो. दख्खनच्या काळ्या खडकातून झिरपलेल्या विहिरींच्या पाण्यात कॅल्शियम व मॅग्नेशियम ह्यांचे क्षार अनेक ठिकाणी अधिक असतात. अशा पाण्यास बोलीत जड व शास्त्राच्या भाषेत दुष्फेन म्हणतात. त्यात साबणास फेस येत नाही आणि तुरीची डाळ लवकर शिजत नाही. कारण डाळीच्या पेशींना एकत्र धरून ठेवणाऱ्या पेक्टिनशी कॅल्शियमचा संयोग होऊन ते अधिकच घट्ट होते. चिमूटभर खाण्याचा सोडा घातला तर डाळ मऊ होते, पण थायमिन ह्या जीवनसत्त्वाचा काही अंश नष्ट होतो. ‘त्या विहिरीच्या पाण्यात वरण शिजत नाही,’ असे गावात सांगतात तेव्हा ते एक अचूक रासायनिक निरीक्षणच असते. रसायनशास्त्राचा विद्यार्थी त्यात आकड्याची भर घालतो. पाण्याचा नमुना घेऊन, दर्शकाचा मद्यासारखा तांबडा रंग निळा होईपर्यंत इडीटीएचा द्राव थेंबाथेंबाने सोडला की दुष्फेनता मोजता येते. भारतीय मानकाप्रमाणे ती लिटरमागे २०० मिलिग्रॅमपर्यंत ग्राह्य, आणि दुसरे पाणी उपलब्ध नसल्यास ६०० पर्यंत चालण्याजोगी मानली जाते. नायट्रेटची मर्यादा ४५ मिलिग्रॅम व फ्लुओराइडची १ मिलिग्रॅम, फार तर दीड मिलिग्रॅम आहे. ह्या शेवटच्या दोहोंचा जिभेस पत्ता लागत नाही. तो प्रयोगशाळेतच लागतो. नायट्रेट अधिक असलेले पाणी तान्ह्या मुलास देऊ नये, एवढी एक सूचना वेळेवर मिळाली तरी ती देणाऱ्याचे शिक्षण सार्थकी लागले म्हणावे लागेल.

किंमत

ह्या लाभांची किंमतही सांगितली पाहिजे. एरवी हे निवेदन जाहिरात ठरेल. रसायनशास्त्रज्ञाच्या कामाचा मोठा भाग पुनरावृत्तीचा असतो. औषधांच्या कारखान्यातील विश्लेषक एकच परीक्षा वर्षानुवर्षे करतो. साखर कारखान्यातील केमिस्ट हंगामात रात्रपाळीस बसून रसाचे नमुने तपासतो. संशोधनाच्या मार्गावर अपयश हा अपवाद नसून नियम आहे. दहा प्रयोगांत एखादा साधला तर तो चांगला आठवडा. द्रव्यांचे धोकेही खरे आहेत. मेरी क्यूरी ह्यांचा १९३४ मध्ये झालेला मृत्यू रक्ताच्या ज्या विकाराने झाला, त्याचे कारण दीर्घकाळ सोसलेले किरण हेच मानले जाते. ज्या प्रकाशाने त्यांना आनंद दिला त्यानेच त्यांचे शरीर झिजविले. आज काळजीचे नियम आहेत, पण ते पाळणाऱ्याचेच रक्षण करतात.

त्याशिवाय पदार्थ निःपक्षपाती असला तरी संस्था तशा असतातच असे नाही. सोहोनी ह्यांना संचालकपद त्यांच्या योग्यतेच्या मानाने उशिरा मिळाले. नोकऱ्या मोजक्या, स्पर्धा मोठी, आरंभीचे वेतन तुटपुंजे व पुष्कळदा करारावरचे, ही परिस्थिती पदवीधराने आधीच ध्यानात घ्यावी. परीक्षानळीतील न्याय परीक्षानळीच्या बाहेर आपोआप पसरत नाही. तथापि ज्याने तो एकदा अनुभवला आहे, त्याच्यापाशी बाहेरचा अन्याय ओळखण्याचे एक माप असते, आणि ते त्याच्याकडून कोणी काढून घेऊ शकत नाही.

सहीचे मोल

ह्या सर्व प्राप्तींचा मेळ शेवटी एका साध्या कृतीत पडतो. ती म्हणजे अहवालावरील सही. जालना शहर पोलादी सळयांच्या उत्पादनासाठी ओळखले जाते. भंगार वितळवून तयार होणाऱ्या पोलादात गंधक व फॉस्फरस ह्यांचे प्रमाण भट्टीगणिक बदलू शकते. बांधकामात नित्य वापरल्या जाणाऱ्या एफई ५०० प्रतीच्या सळईत ह्या दोहोंपैकी प्रत्येकाचे प्रमाण ०.०५५ टक्क्यांहून अधिक असू नये, असे भारतीय मानक सांगते. कारण फॉस्फरस वाढला की पोलाद ठिसूळ होते. विश्लेषकाने आकडा जसा आला तसा लिहिला तर एखादी भट्टी नाकारावी लागते व नुकसान सोसावे लागते. आकडा किंचित खाली लिहिला तर काहीच घडल्यासारखे दिसत नाही. परंतु त्या सळईवर कोणाचे तरी घर उभे राहावयाचे असते. अशा प्रसंगी कोणी पाहत नसताना खरा आकडा लिहिणे, हे ज्याने वर्षानुवर्षे पदार्थाची साक्ष ऐकली आहे त्यास तुलनेने सोपे जाते. खोट्या आकड्याने पदार्थ बदलत नाही, हे त्यास इतरांपेक्षा अधिक जवळून ठाऊक असते.

सत्याची ही सवय केवळ दोष उघड करण्यापुरती नाही. निर्दोष माणसास वाचविण्यासाठीही ती लागते. येथे पुन्हा हळदीकडेच वळता येईल. हळदीच्या पुडीत मेटॅनिल यलो ह्या अपायकारक रंगाची भेसळ आहे किंवा कसे हे पाहण्यासाठी तीत हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब टाकतात. गुलाबी रंग आला म्हणजे भेसळ सिद्ध झाली असे उतावळा परीक्षक म्हणेल. परंतु शुद्ध हळदही आम्लाने गुलाबी होऊ शकते. म्हणून पाणी घालून थांबावे लागते. शुद्ध हळदीचा गुलाबी रंग पाण्याने विरून जातो; भेसळीचा टिकून राहतो. पाणी घालण्याचा तो अर्धा मिनिट गाळला तर प्रामाणिक दुकानदार चोर ठरेल. सोहोनी ह्यांनी आयुष्याच्या उत्तरार्धात भारतीय ग्राहक मार्गदर्शन संस्थेत काम केले व १९८२-८३ मध्ये तिचे अध्यक्षपद भूषविले. अन्नाची पारख आणि ग्राहकाची सुरक्षितता हे त्यांच्या आस्थेचे विषय राहिले. १९९८ मध्ये त्यांचे निधन झाले.

तेव्हा आष्टीच्या घरात ‘ह्यात प्राप्ती काय?’ असे विचारले गेले असता विद्यार्थ्याने वेतनाचा आकडा खरा असेल तेवढाच सांगावा, वाढवून सांगू नये. त्यानंतर घरातील हळद, लिंबू आणि साबण घेऊन डागाचा रंग दोन वेळा पालटून दाखवावा व त्याचे कारण सांगावे. विहिरीच्या पाण्यात वरण का शिजत नाही हेही सांगावे, आणि ते पाणी तपासून त्याचा आकडा लिहून देण्याची विद्या आपण शिकणार आहोत असे म्हणावे. मंडळींचे समाधान एवढ्याने होईलच असे नाही. परंतु विषयाची निवड कोणत्या लाभासाठी केली आहे, हे निदान त्या विद्यार्थ्यास स्वतःस स्पष्ट झालेले असेल. आणि पहिल्या फसलेल्या प्रयोगाच्या दिवशी त्यास त्याच स्पष्टतेची गरज पडणार आहे.